तिसरी काच

(डब्लिन, १९६१. जॉर्ज राजांच्या काळातलं विटांचं उंच घर, आता खोलीखोलीत वेगळं बिऱ्हाड. ब्रीजीच्या पुढच्या खोलीत वरच्या मजल्यावरचा म्हातारा गवंडी फेलिम भिंतीशी वाकलाय.)

फेलिम : ही काच मी लावलेली नाही, ब्रीजी.

ब्रीजी : असं काय करता काका? तुम्हीच तर भेगेवर चिकटवलीत. भिंत सरकली तर तडकेल म्हणालात. सहा आठवडे झाले, आहे का एक तरी चरा?

फेलिम : माझ्या काचेवर मी खिळ्यानं तारीख कोरली होती. हिच्यावर कुठाय?

ब्रीजी : पुसली असेल.

फेलिम : कोरलेलं पुसतं होय? चाळीस वर्षं थापी धरलीय मी. मला शेंड्या लावू नकोस.

ब्रीजी : ...चहा टाकू?

फेलिम : ब्रीजी!

ब्रीजी : तडकली होती. दुसऱ्याच आठवड्यात. मग मी नवी लावली. ही... ही तिसरी.

फेलिम : अगं बाई! आणि मी रोज ती दारातूनच बघून सगळ्यांना सांगतोय, खुशाल झोपा म्हणून!

ब्रीजी : मग काय करू? पालिकेच्या साहेबानं भेग बघितली असती तर घर रिकामं करून आम्हाला नेऊन टाकलं असतं शहराबाहेर कुठल्या तरी माळावर. नवरा इंग्लंडात, माझं काम इथं, आई पलीकडच्या गल्लीत. आणि दोनशे वर्षं उभं आहे की घर! कसल्या देखण्या विटा...

फेलिम : देखण्या विटा फक्त तोंडावर. मागं सगळी हलक्या विटांची भरताड. दोन्हींना बांधून धरायला आडवी वीट आत घुसवावी लागते. हे घर बांधणाऱ्यांनी ती अर्धी तोडून लावली, भारी वीट वाचावी म्हणून. आमच्याच धंद्यातले चोर! शेजारचं घर पाडलं, तेव्हा त्याचा टेकूही गेला. खिडकीच्या चौकटीशेजारी भेगेत बोट घाल.

ब्रीजी : आख्खा हात जातोय. काल नव्हता जात. काका, मला भीती वाटतेय.

फेलिम : मलाही. जिना मागं आहे, सगळ्यांना मागच्या दारानं काढू. दार आपटू नकोस. पोरी कुठायत?

ब्रीजी : खाली. आज ऊन पडलंय ना, पायरीवर बसल्यात.

फेलिम : कुठल्या पायरीवर?

ब्रीजी : पुढच्या. भिंतीला पाठ टेकून... ओर्ना! ओर—

फेलिम : किंचाळू नकोस, दचकून तिथंच थांबतील. खिडकीला हात न लावता हाक मार. दुकानात पाठवतेस ना, तशी.

ब्रीजी : ओर्ना... मॉइरा... समोरच्या दुकानातून पाव आणा गं. हो, दोघीही जा. आलेच मी मागून.