यंदाची चव कोण घेणार?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी द्राक्षमळ्याचे मालक आणि त्यांची लेक बसली होती. श्रवणाला सोकावलेले कान, ते काही मिटता येत नाहीत.

"बाबा, कवळी बसली की महिनाभर चव कळणार नाही. पिंपातली वाइन बाटल्यांत कधी भरायची, ते यंदा मला ठरवू द्या."

"तू? चहात चार चमचे साखर घालणारी? आपल्या वाइनमध्ये गोडाचं नाव नाही."

"ते मी शाळेत असताना. आता बिनसाखरेचा पिते, तुमचंच लक्ष नाही."

"असं? मग ही बाटली घे. सकाळी पिंपातून काढून आणलीय."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. सगळ्यांचे गाल सुजलेत, बोलणार कोण? घोटभर घे आणि सांग."

"हं. वरच्या बांधावरच्या, आजोबांनी लावलेल्या वेलींची आहे. खुरपणी मीच केली होती."

"ते झालं. तयार आहे का?"

"नाही. फार तुरट आहे, जीभ आवळते. अजून महिनाभर राहू दे."

"मी गिऱ्हाइकांना सांगून बसलोय, तयार आहे म्हणून."

"मग चव घ्या आणि पुन्हा सांगा."

"आण इकडे."

"आवळली ना जीभ?"

"तुझी आजी अशीच तोंडावर सांगायची."

तेवढ्यात आतून त्यांना हाक आली.

"ही पिंपांच्या तळघराची किल्ली धर. खुर्चीत आडवं झालं की खिशात टोचेल."

"बाहेर आलात की देते परत."

"कशाला? महिनाभर राहू दे, तूच म्हणालीस ना."