ज्याला स्वार्थही जमत नव्हता

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या कारागृहाचे अधीक्षकसाहेब, मंचावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मानसतज्ज्ञ मॅडम, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझं पहिलं शिक्षण घरीच, आईपाशी झालं. 'आपलं काही चुकलं का?' हे सतत विचारायची सवय तिथलीच. मॅडम म्हणतात, "अगं, ढोपर आपटलं तरी तू टेबलाची माफी मागतेस!" हसू नका, खरं आहे.

अशी मुलगी इथे त्यांच्या हाताखाली शिकायला आल्यावर तिला त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुणासमोर बसवावं? गोडबोल्यासमोर! बूट दुरुस्तीच्या विभागातला तो कैदी. 'हा सुधारणार नाही' म्हणून त्याला तिथून काढायचं का, हे उद्या साहेबांना ठरवायचं आहे. त्याने आजारी बहिणीची गोष्ट अशी रंगवली, की माझे डोळे भरून आले. बहीण नव्हतीच! मी तणतणत मॅडमकडे गेले. "याला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही. नुसतं स्वतःपुरतं बघतो."

"स्वतःपुरतं? त्याचे बूट पाहिलेस?"

पाहिले. दिवसभर इतरांच्या बुटांना तळ लावणारा हा माणूस स्वतः फाटक्या बुटांत, ओल्या मोज्यांनी उभा होता.

"स्वार्थी व्हायलाही स्वतःबद्दल आस्था लागते, बाई. ज्याला स्वतःचाच उद्या दिसत नाही, त्याला तुझा काय दिसणार?"

"मग त्याला दोष तरी कसा द्यायचा?"

"दोष आहेच, शिक्षाही भोगतोय. पण दुसऱ्याला दुखावल्याची बोच लागायला आत कुणीतरी राहायला आलेलं हवं ना?"

तेव्हापासून मॅडम त्याला दर आठवड्याला विचारत, "स्वतःसाठी काय केलंस?" तो थापा मारी. मॅडम मनसोक्त हसत आणि पुन्हा विचारत. गेल्या महिन्यात मात्र तो खाली बघत पुटपुटला, "चामड्याचा तुकडा मिळेल? थंडीआधी माझेही शिवून घेईन म्हणतो."

मी भारावले. मॅडम माझ्या कानाशी लागल्या, "विश्वास ठेवू नकोस. चामडं दे."

आता तो बूट घालून फिरतो आणि पावसात डबकं चुकवतो. सुधारला का? कोण जाणे. पण पाय आपले आहेत, एवढं त्याला कळलंय.

मॅडम, तुम्ही मला माणसं वाचायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, तुमचेही. आणि साहेब, निरोपाच्या भाषणात गोडबोल्याला विभागात ठेवण्याची विनंती घुसली असेल, तर त्या आगाऊपणाबद्दल मला माफ करा. विनंती तेवढी मान्य करा.