आठवीचं दुसरं वर्ष

— नाही, पेन ठेव खाली, जोलीन, सहीची एवढी काय घाई आहे, सही पळून चालली नाही आणि मीही नाही. बस आधी. ती खुर्ची नको, ती डुगडुगते, माझी बर्निस होती तेव्हापासून डुगडुगते, इकडे खिडकीशी बस. आणि हे काय, कोलाच? खसखशीचे गोड पाव? तुझी आई असेच करायची, काठ थोडे करपलेले, तुझा बाप एका घासात एक संपवायचा आणि वर म्हणायचा, आज जरा बेताचेच झालेत. हां, तर जिमचं. नवीन जिमला माझं नाव. शाळा मंडळाने एकमताने ठरवलं म्हणतेस — एकमताने म्हणजे तू बोललीस आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, मला काय सांगतेस, बावीस वर्षं मी त्या मंडळापुढे बसलोय. अध्यक्ष म्हणेल ते एकमत. आता तू अध्यक्ष. आणि माझी संमती नसेल तर पाटी लागत नाही, हा नियम कोणी केला? मीच केला, अधीक्षक होतो तेव्हा. त्या बँकवाल्याचं नाव वाचनालयाला देऊन बसले होते, त्याला न विचारता, मग तो रुसला — जाऊ दे.

वाच बरं पाटीवर काय आहे ते. — 'कोरियाच्या रणांगणावर शौर्य गाजवून' — अगं, काढ ते. शौर्य कुठलं? एकोणीस वर्षांचा होतो, थंडीने पायाची बोटं काळी पडली, दोन कापली, बाकीची आहेत पण त्यांना कळत काही नाही, तव्यावर पाय ठेवला तर आधी वास येईल आणि मग मला समजेल. मला तिथे तुकडीचा प्रमुख केलं, का केलं माहितेय? माझ्या वरचे तिघं राहिले नव्हते म्हणून. हे लिहिणार आहेस पाटीवर? नाही ना? मग 'सैन्यात होता' एवढं पुरे. परत आलो तर सरकारने सैनिकांना कॉलेज फुकट केलेलं, म्हणून मास्तर झालो, नाहीतर बापाची डुकरं पाळत बसलो असतो. आणि पहिल्याच दिवशी गळ्यात शिट्टी घातली — सैन्यातून आलायस, पोरांना बास्केटबॉल शिकव. मला येत नव्हता गं बास्केटबॉल! पुस्तक आणून शिकलो, पोरांच्या एक पान पुढे. मग चौसष्ट साली मुख्याध्यापक वारले, तर म्हणाले तेही तूच बघ. या कोल्बर्ग गावात दुसरं कोण येणार होतं? झालं — सकाळी मुख्याध्यापक, दुपारी तीननंतर कोच. बर्निस चिडवायची, 'काय हो कोच, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली का?' द्यायचे. मुख्याध्यापक फार चांगला माणूस होता, कोचला कशाला म्हणजे कशालाच नाही म्हणायचा नाही.

पुढे काय आहे? — हो, एकाहत्तरचं असणारच. राज्यविजेते. त्याच्याशिवाय कोण विचारतंय मला? चारशे वस्तीचं गाव, राजधानीत, लिंकनच्या त्या एवढ्या मोठ्या सभागृहात, सगळं गाव तिथे, इथे गावात म्हणे फक्त एक आजारी म्हातारी आणि कुत्री राहिली होती. परतताना आमच्या बसपुढे अग्निशमनची गाडी, घंटा वाजवत. लायल पुढच्या सीटवर, गुडघे कुठे ठेवावे कळत नव्हतं त्याला, सहा फूट चार इंच, मांडीवर तो करंडक. — हो, सांगतो ना, समारंभात लायलबद्दल तुला बोलायचंय, बोल की, बहीण आहेस तू त्याची. काय सांगू? लोक म्हणतात नशीब. त्या वर्षी कोल्बर्गचं नशीब उघडलं, एकाच वर्गात ब्राबेकांचे दोघे जुळे, तो चेंडू देणारा छोटा हाल्सी, आणि मध्ये लायल. नशीब कसलं डोंबलाचं! नशिबाने असं होत नसतं. मी पाच वर्षं आधी बसून मांडलं होतं ते, सहासष्टच्या वसंतात, ऑफिसात, कागदावर. सातवीत जुळे आहेत, सातवीतच हाल्सी आहे, ही पोरं एकाहत्तरला शेवटच्या वर्षात येणार, सगळं आहे, फक्त मध्ये उंच पोरगा नाही. आणि उंच पोरगा आहे तो एक वर्ष पुढे, तो सत्तरलाच बाहेर पडणार. म्हटलं लायल जर त्यांच्या वर्गात असता, आठवीला जर आणखी एक —

कॉफी घे ना. निवली. थांब, गरम करतो. — नाही, काही नाही, म्हातारपणी साल इकडचं तिकडे होतं. पोरांचे वर्ग, कोण कुठे होतं —

तू अशी बघू नकोस. तुझा बाप असंच बघायचा, डुकराचा भाव पाडून मागितला की. — हो. नापास झाला होता तो आठवीत. गणितात. सगळ्या गावाला माहीत आहे. — मग काय विचारतेस? — मी 'जर' म्हणालो. मी म्हणालो जर तो त्यांच्या वर्गात — हो, आणि मग आला. पुढच्या वर्षी आला त्यांच्या वर्गात.

बरं. बरं, बस. उभी राहू नकोस, उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही. त्या काळी सगळे करायचे गं, तू शिक्षिका आहेस, तुला माहीत आहे, आजही करतात, पोरगा एक वर्ष मागे ठेवायचा, म्हणजे हाड भरतं, शेवटच्या वर्षी पोरगा नाही, बाप्या उतरतो मैदानात. बाकीचे उघड करायचे, बापाला विचारून, पोराला सांगून. मी — त्या मिस हॅल्डेन होत्या गणिताला, त्या जूनमध्ये लग्न करून ओमाहाला गेल्या. त्यांचं गुणपत्रक माझ्या टेबलावर होतं. कोचने मागितलं, मुख्याध्यापकांनी सही केली. एक आकडा. पाच मिनिटं पण नाही लागली. पोराला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, त्याचे सगळे दोस्त पुढे जात होते, आणि पोरगा नाइलाजाने खेळला की पायात जोर राहत नाही. नापास झाला तर मान खाली घालून बसेल, एवढंच ना, असं वाटलं मला. आणि खरं सांगू का, मला असंही वाटायचं, एक वर्ष उशिरा जगात गेला तर बरंच आहे. मी अठराची पोरं बघितली होती. म्हटलं एकोणीस बरं. — हे मी नंतर जुळवलं असेल. माहीत नाही. आधी जुळे आणि हाल्सीच होते डोक्यात.

तो आला होता माझ्याकडे. एप्रिलमध्ये, एकाहत्तरला, करंडकाला महिना झाला होता. कर्नीच्या कॉलेजचं पत्र आलं होतं त्याला — जागा, राहणं, जेवण, नुसतं खेळायला ये. पत्र खिशात घेऊन आला, चार घड्या घातलेलं. म्हणाला, कोच, मी तिथे काय करणार, मी आठवीत नापास झालेला माणूस, ते पहिल्या परीक्षेला घालवतील मला, मग गावात कुठल्या तोंडाने येऊ? म्हणाला, सैन्यात जातो. सैन्यात गणित नाही ना विचारत? तुम्हीही गेला होतात. शिफारस हवी होती त्याला. समोर बसला होता, अस्सा, तुझ्या जागेवर समज. एक वाक्य होतं, जोलीन. 'तू नापास झाला नव्हतास.' एवढंच. तोंडात आलं होतं. पण मग तो विचारणार, मग का? मग घरी सांगणार, गावात होणार, ब्लेक्स्ली गाव आमच्याकडून दोन गुणांनी हरलं होतं, ते टपूनच बसलेले, करंडक काढून घेतला असता. भिंतीवर बॅनर लागून आठवडा झाला नव्हता. मी शिफारस लिहिली. चांगली लिहिली. आज्ञाधारक, मेहनती.

पुढचं तुला माहीत आहे. लढाईत सुद्धा नाही मेला गं, ट्रक उलटून. सिमेंटच्या गोण्या होत्या ट्रकमध्ये. — शवपेटीला मी होतो, पुढे, डाव्या बाजूला, तूच म्हणाली होतीस ना मला, ती कोचने धरावी म्हणून, पंधरा-सोळाची होतीस. धरली. लोक म्हणाले, कोच काय घट्ट मनाचा माणूस आहे, डोळ्याला पाणी नाही. घट्ट वगैरे काही नव्हतं. मी आत चाचपून बघितलं, तिथे काही नव्हतंच. गवत ओलं होतं, हाल्सीचा पाय घसरला, मी म्हटलं सांभाळ. एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी सराव घेतला. आत्ताही तुला सांगतोय ना, वाटलं होतं सांगताना काही तरी होईल. नाही होत. कॉफी निवलीय एवढंच कळतंय.

त्यानंतर एक केलं, शाळेत कोणी नापास होणार असलं की त्याचा पेपर मी स्वतः तपासायचो, मुख्याध्यापक होतो तेव्हाही आणि अधीक्षक झाल्यावरही. सगळे मास्तर वैतागायचे, तूच मला म्हणाली होतीस, कोच, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा? होता. तुमच्यावर होता.

— एमिलला? तुझ्या बापाला? हो. त्याला माहीत होतं. कुंपणाशी बोलणं झालं, तो तार ओढत होता. म्हणाला, घरी एक वर्ष जास्त हात मिळतील, ठीक आहे. आईला नाही सांगितलं त्याने. तुलाही नाही, ते दिसतंच आहे.

— काय? — तू? — नऊ वर्षांची होतीस तू! — रोज? जेवण झाल्यावर, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर? — नाही. मला नव्हतं माहीत. मला कोण सांगणार? लायल काही बोलला नाही कधी. पाढे, आणि मग भागाकार… तू त्याला शिकवायचीस. एवढा धिप्पाड पोरगा, तुझ्यासमोर वही घेऊन. लाज वाटायची त्याला, आणि तरी बसायचा. — चुकायचा का गं? — एकदाही नाही? — आणि तुला वाटायचं तुझ्या शिकवण्याने.

म्हणून तू गणित घेतलंस पुढे. ते नाही कधी बोललीस मुलाखतीत. मीच घेतली होती ना तुझी मुलाखत? विचारलं होतं, गणितच का, तर तू म्हणालीस आवडतं. मी लिहून घेतलं, आवडतं.

रडू नकोस असं म्हणणार नाही मी. रड. कोणी तरी रडलं पाहिजे. तो कागद फाडायचा तर फाड, मंडळाला काय सांगायचं ते तू ठरव, करंडक परत द्यायचा तर द्या, ब्लेक्स्लीची शाळा तर बंद पडली, देणार कोणाला कोण जाणे. मी नाही म्हणणार नाही कशाला. कोट घाल नीट, वारं सुटलंय.

— काय? — खरे किती?

आहेत लक्षात. मनात जागा करून ठेवलीय मी त्या आकड्याला, अठ्ठेचाळीस वर्षं. मी लिहिले सत्तेचाळीस. त्याला होते अठ्ठ्याऐंशी. शंभरात अठ्ठ्याऐंशी, वर्गात दुसरा आला होता तो. — आता जा तू. जा म्हणतो ना.