साहेबांच्या टाकीतली पिवळी

नाही काका, यात एक शब्द जरी खोटा असेल ना, तर हे शटर आत्ता माझ्या डोक्यात पडो. म्हणजे — ते तसंही अधूनमधून पडतं, त्याची स्प्रिंग गेलीय, तेव्हा आज पडलं तर त्यावरून काही ठरवू नका. पण गोष्ट खरी आहे. बरीचशी. सासऱ्यांना विचाराल तर ते वेगळी सांगतील, पण ते सध्या कुणाशी बोलत नाहीत, तेव्हा माझीच खरी धरावी लागेल. पिशवी हलवू नका हो. धरा, धरा — खालून हात द्या. हं.

नवा मासा टाकीत जगेल का, हेच विचारत होतात ना? सगळे हेच विचारतात. जगेल. घरी गेलात की पिशवी न उघडता तशीच टाकीत तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होईतो. मग पिशवीतल्या पाण्यासकट मासा बादलीत. टाकीतून बारीक नळी बादलीत सोडायची, तिला सैलसर गाठ मारायची, म्हणजे पाणी थेंब थेंब पडतं, सलाइनसारखं. घाई नाही करायची. समुद्राचा मासा मानी असतो — एका खारटपणातून दुसऱ्या खारटपणात ढकललात तर तक्रार करत नाही, सरळ मरतो. मग जाळीने मासा तेवढा उचलायचा, बादलीतलं पाणी फेकून द्यायचं, टाकीचे दिवे बंद. झालं. इथपर्यंत कुणीही करतं. मासे इथे मरत नाहीत, काका. मासे मरतात ते आधीपासून टाकीत बसलेल्या माशामुळे. तुमच्याकडे कोण आहे आधी? — एकच? बरीच वर्षं? — अरे बाप रे. नाही, कौतुकाने म्हटलं.

आमच्या सासऱ्यांकडेही असाच होता. निळा, हाताच्या पंजाएवढा, शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा. त्याला घरात सगळे 'साहेब' म्हणायचे. हॉलच्या भिंतीवर साहेबांचे फोटो आहेत, माझ्या बायकोचा एकही नाही, आणि ती एकुलती एक मुलगी. सासरे या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, साहेबांचं खाणं न्यायला यायचे, सोबत मुलगी असायची — असं ते जमलं. खाण्यासोबत जावई घरी आला. पण लग्नानंतर मी सामान घेऊन दारात उभा, तर सासरे म्हणतात, "तुला मासे विकता येतात. जगवता येतात का? माझ्या टाकीत एक मासा जगवून दाखव, मग वरची खोली तुमची. तोवर तू हॉलमधे." म्हणजे लग्न झालेला माणूस सोफ्यावर, बायको आत, मधे सासूबाईंची खोली, आणि सासूबाईंची झोप अशी सावध की मांजर लाजेल. मी रात्रभर साहेबांकडे बघतोय, साहेब माझ्याकडे.

मग ही पिवळी आणली. हो, हीच. तुमच्या हातातली. थेंब थेंब पाणी, दिवे बंद, सगळं केलं. सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवले — ही खरी युक्ती, लक्षात ठेवा. जुना मासा कशाच्या जोरावर जुना असतो? हा कोपरा माझा, ही कपार माझी, यावरच ना? दगड हलवले की त्यालाही वाटतं आपण आजच आलोय. सासरे बाहेर गेले होते तेवढ्यात उरकलं. ते आले, चप्पलही न काढता टाकीसमोर उभे. "साहेबांचा दगड कुठाय?" म्हटलं, पप्पा, तो तिकडे ठेवला, हवेशीर. त्या दिवशी जेवताना ते स्वतःच्या खुर्चीला धरून बसले होते, जावई तीही हलवेल म्हणून. हलवणार होतो. नंतर.

तर दगड हलवूनही साहेब पिवळीच्या मागे. मग शेवटचा उपाय — आरसा. टाकीच्या काचेला बाहेरून आरसा टेकवायचा. जुन्याला त्यात स्वतःएवढाच एक दांडगा दिसतो, तो त्याच्याशी भांडत बसतो, नव्याला जेवायला वेळ मिळतो. घरात मोठा आरसा एकच, बाथरूममधला, दोन्ही बाजूंनी चेहरा दिसणारा. तो आणला. त्यामुळे सासरे दाढी करायला हॉलमधे, तोंडाला फेस, आरशाच्या अलीकडे ते, पलीकडून साहेबांच्या धडका. पण पिवळी खायला लागली, काका. अंगाने भरली. सासूबाई म्हणाल्या, "नवी असून किती निर्लज्जपणे जेवते बघ," आणि माझ्या ताटाकडे पाहिलं. शेवटी सासऱ्यांनी वरच्या खोलीची चावी टेबलावर ठेवली. हातात नाही दिली, टेबलावर. चालतंय.

आरसा थोड्या दिवसांनी काढायचा असतो. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, तुम्हालाही सांगतोय. पण आमच्याकडे आरसा काढला की साहेब पिवळीवर, लावला की स्वतःवर. आणि पिवळी गेली की खोली गेली. तुम्ही काय केलं असतंत? — तेच. राहू दिला. साहेबांनी खाणं सोडलं. समोरचा हटल्याशिवाय जेवायचं नाही असं ठरवलं असणार, आणि समोरचाही तेच ठरवून बसलेला. एका सकाळी सासऱ्यांची एका गालाची दाढी झाली होती, तेवढ्यात साहेब तळाला आडवे. सासरे तसेच उठले. दुसरा गाल राहिलाच. अजून केली नाहीये त्यांनी. दोन्हीकडे वाढलीय आता, पण एकीकडे जास्त.

पुढे सासूबाईंनी सासऱ्यांसाठी नवा निळा आणला, छोटा. पिवळीने त्याला दिवस मावळेपर्यंतही जगू दिलं नाही. मग सासऱ्यांनी चावी उचलली आणि बायकोमार्फत निरोप दिला — ती मासळी घरातून आणि दुकानातूनही गेल्याशिवाय जावई दारात दिसता कामा नये. तेव्हापासून मी इथेच झोपतो, त्या मिठाच्या पोत्यांमागे.

हो, विकली होती की. दोघांना. दोघांनी परत आणली. — त्यांचे जुने? गेले. — नाही, परत घेत नाही आता, ती पाटी बघा. सकाळीच लावली.

मारून टाकू? बायकोही तेच म्हणाली. कसं मारू, काका? या मागच्या टाक्या बघा — तो पट्ट्यांचा शुक्रवारपर्यंत टिकणार नाही, ती जोडी मी विकणारच नाहीये, रस्त्यातच जाईल. माझ्या हातून आजवर जगलेला मासा हा एकच आहे. — तुमचा कसा आहे, शांत? म्हातारा? — घरात सगळ्यांचा लाडका असेल. असतोच.

एक मिनिट. बायको. — हं, बोल. — हो अगं, आहेत समोरच. — हो. विकली. — खरंच, पिशवी त्यांच्या हातात आहे. — पप्पा ऐकतायत का? — बरं, नको देऊस त्यांना. — जेवायला? आत? — नाही, चालेल, दारापर्यंत तर दारापर्यंत. डबा आण. येतो.

ऐकलंत ना? मी बायकोशी कधी खोटं बोलत नाही, काका. काढा पैसे.