क्लॅरीचं मशीन डावीकडे गातं

क्लॅरी : अगं, हळू बोल! पलीकडे शेजारी नेव्हिल आहे, ऐकेल.

डल्सी : ऐकू दे की. तू सोनं शोधतोयस की आपल्या दोघांच्या कबरी खणतोयस? खड्डे बघ केवढे! आख्खा माणूस मावेल.

क्लॅरी : डल्सी, सकाळपासून हे डिटेक्टर मशीन थांबायला तयार नाही. पाऊल टाकलं की गातं! इतकी वर्षं या घळीत येतोय आपण, कधी असं गायलं होतं?

डल्सी : आणि मिळालं काय?

क्लॅरी : अजून तरी काही नाही. म्हणजेच खोल आहे. खणलं तरी गातं, आणखी खणलं तरी गातंच. मोठा गोळा आहे, बाई. हिवाळाभर विश्रांती मिळाली ना मशीनला, तरतरी आलीय त्याला.

नेव्हिल : काय लेका, विहीर पाडतोयस?

क्लॅरी : खिळा मिळाला रे, नेव्हिल! गंजका खिळा!

डल्सी : झालं सुरू. तुम्ही सोनं शोधणारे सगळे एका माळेचे मणी. सोनं मिळालं तरी खिळा, खिळा मिळाला तरी खिळा, आणि आता काहीच नाही तरीही खिळा. लाज कशी वाटत नाही शेजाऱ्याशी खोटं बोलायला?

क्लॅरी : तो मला गेल्या वर्षी काय म्हणाला? बाटलीचं झाकण. तसल्या झाकणावर त्यानं नवी गाडी घेतली.

नेव्हिल : ही घळ मी नव्या डिटेक्टरनं दोनदा चाळलीय, गड्या. हूं नाही की चूं नाही. तुझं ते धूड काय शोधणार? पाठीवर बॅटरीचं ओझं, दांड्याला चिकटपट्टी. माझं बघ, हलकं फूल. पडद्यावर सगळं दिसतं. थेट उपग्रहाशी बोलतं.

क्लॅरी : बोलू दे. माझं जमिनीशी बोलतं.

नेव्हिल : जुनं ते सोनं म्हणतात, पण जुन्यानं सोनं सापडतं असं कुणी म्हटलेलं नाही. रविवारी देतोयस ना मला? शेडच्या भिंतीवर लावतो. बायको त्याला कुंडी टांगेल.

क्लॅरी : जा, जा, चहा उकळून वाया चालला तुझा.

डल्सी : खरं तेच बोलतोय तो. आपलं ठरलंय, क्लॅरी. रविवारपर्यंत काही नाही मिळालं तर मशीन नेव्हिलला, कॅरव्हॅन विकायची आणि आपण रोंडाकडे जिलाँगला. पोरीनं खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय.

क्लॅरी : नाही कुठे म्हणतोय? पण तिच्या बाल्कनीत बसून मी करू काय? समुद्राकडे तोंड करून मरायची वाट बघू? इथे सकाळी डोळे उघडले की वाटतं, आज मिळेल. न मिळू दे. वाटतं तर खरं!

डल्सी : आणि मला काय वाटतं ते? या माशा, ही धूळ, बादलीभर पाण्यात अंघोळ. त्याचंही काही नाही. पण बॅलरॅटच्या हॉस्पिटलात तुझं ऑपरेशन चालू होतं ना, तेव्हा बाहेर बसून एकच विचार करत होते. हा रानात एकटा पडला तर कुणाला कळणार? जीव टांगणीला लागतो रे माझा.

क्लॅरी : आता नवा गुडघा आहे. पडत नाही मी.

डल्सी : थांब. हे सगळे खड्डे डाव्या हातालाच कसे?

क्लॅरी : सोन्याची शीर डावीकडे असेल.

डल्सी : या काठानं गेलास, त्याच काठानं परत आलास. तोंड फिरलं तरी शीर डावीकडेच? कुत्र्यासारखी तुझ्या मागेमागे चालते की काय ती? गुडघा कुठला बदलला?

क्लॅरी : डावा. का गं?

डल्सी : खुर्चीत बस. पाय लांब कर. आण ते मशीन इकडे.

(मशीन गळा काढून किंचाळतं.)

नेव्हिल : अरे बापरे! घबाड लागलं वाटतं!

क्लॅरी : खिळा! खिळा आहे, नेव्हिल!

डल्सी : खिळाच आहे. हॉस्पिटलातून आणलेला! अरे देवा, पोट दुखलं माझं हसून. सकाळपासून स्वतःच्या पायाखाली खणतोय हा! अक्कल गुडघ्यात आहे तुझी हे मला लग्नापासून ठाऊक होतं, आज मशीननंही सांगितलं.

क्लॅरी : हस. खुशाल हस.

डल्सी : अरे...

क्लॅरी : मशीन चांगलंच आहे. मीच त्याच्या कामाचा राहिलो नाही. माझा पाय जवळ आला की ओरडणार ते. सांग नेव्हिलला, रविवार कशाला, आजच घेऊन जा म्हणावं.

डल्सी : असं तोंड पाडू नकोस, बघवत नाही मला. चल, आधी खड्डे बुजव. रात्री एखादं कांगारू पाय मोडून घेईल.

क्लॅरी : बुजवतो.

डल्सी : ढिगावरून मशीन फिरवलंस?

क्लॅरी : काय उपयोग? गुडघ्यानं खणलेला खड्डा तो.

डल्सी : माती लोटण्याआधी ढिगावरून एकदा फिरवायचं. तुझंच वाक्य. ऐकून ऐकून कान किटले माझे. दे इकडे. तू हो बाजूला. आणखी लांब. गुडघ्यासकट जा! अगंबाई, किती जड हे! हे घेऊन हिंडत होतास?

क्लॅरी : मशीनची खालची थाळी जमिनीला समांतर धर. झाडू नको मारू.

डल्सी : शिकवू नकोस. क्लॅरी?

क्लॅरी : काय?

डल्सी : हे कण्हल्यासारखं काय करतंय?

क्लॅरी : परत फिरव. पुन्हा. डल्सी, खिळा असा बोलत नाही. खिळा कर्कश असतो. मूठभर माती घे आणि थाळीवरून ने. डाव्या हातात नको! अंगठी आहे. नाहीतर आपलं लग्नच सापडेल तुला.

डल्सी : नाही वाजत. ही मूठही नाही. ही... वाजली.

क्लॅरी : अर्धी टाक. उरलेली परत ने.

डल्सी : वाजली! क्लॅरी, वाटाण्याएवढं आहे. एवढंसं, पण केवढं जड रे! पिवळं धमक!

क्लॅरी : रडतेस काय?

डल्सी : कोण रडतंय? धूळ गेली डोळ्यात. एवढं खाली होतं हे. वरून कुणाच्याच मशीनला ऐकू आलं नसतं. त्याच्या उपग्रहालासुद्धा नाही.

क्लॅरी : माझ्या गुडघ्याला आलं.

नेव्हिल : काय चाललंय तिकडे? डल्सीच्या हातात मशीन? मिळालं की काय?

क्लॅरी : तूच सांग त्याला. तुला खोटं चालत नाही ना?

डल्सी : खिळा, नेव्हिल! गंजका खिळा!

नेव्हिल : मग रविवारी नेतो हं मशीन!

डल्सी : नको रे. खिळे फार आहेत या घळीत. आम्ही वेचत बसू जरा.