जस्ताच्या कढईला अभिषेक

आमच्या यांची नोकरी कायम झाली, तर वाळूजच्या कारखान्यात दसऱ्याला त्यांच्या कढईवर माझ्या हातानं अभिषेक करीन, असा नवस मी बोलले होते. नोकरी कायम झाली, मी तांब्या घेऊन हजर! त्या कढईत जस्त वितळवतात आणि लोखंडी खांब बुडवून काढतात, म्हणजे ते गंजत नाहीत.

मी तांब्या वाकवणार, तोच यांच्या जोडीचे सलीमभाई ओरडले, “भाभी, पाणी नको! जस्त उसळून सगळ्यांच्या अंगावर येईल!”

“पण मी देवाला शब्द दिलाय.”

हे म्हणाले, “अगं, नोकरी कायम झाली, आता मलाही राहू दे की!”

मी हटले नाही. जस्त चढवून थंड झालेला एक खांब बाहेर आणायला लावला आणि त्यालाच न्हाऊ घालून नवस फेडला.

तुम्हीही नवस खुशाल बोला. फक्त आधी घरच्या माणसाला त्याचं काम नीट विचारून घ्या.