खिडकीखालचा ट्रक

ब्राँक्समधल्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या इव्हेलिसच्या कानावर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

"सकाळीच दम लागतो, हे डॉक्टरला सांगितलंस. मला का नाही, झोराइदा?"

"तू रात्रभर भाजीबाजाराचा ट्रक हाकून दमून येतोस."

"आणि खिडकीखाली इंजिन चालू ठेवून भोंगा वाजवतो."

"मग मी खिडकी उघडून हात हलवते."

"तो सगळा धूर छातीत घेऊन? इतकी वर्षं?"

"बंद काचेतून दिसते का मी तुला?"

"उद्यापासून ट्रक पुलापाशी लावून चालत येईन."

"आलास हे कळणार कसं?"

"शिट्टी मारीन. लग्नाआधी मारायचो तशी."

"तुला तेव्हाही शिट्टी येत नव्हती, विल्फ्रेडो. नुसती हवा फुंकायचास."

"मग खिडकीत कशी यायचीस?"

"अरे वेड्या, मी आधीपासूनच उभी असायचे."